घरातला दुसरा भाता

माझ्या मामाला कारखान्यात सगळे भाता म्हणायचे. लोहाराकडे विस्तव फुलवायला असतो तो भाता. मामा लोहार नव्हता. प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी तो फुंकून घडवायचा. पण छाती तशीच होती, हवा भरली की शर्टाची बटणं ताणायची, आणि टोपणनावं ठेवणाऱ्यांना तेवढं पुरतं.

लहानपणी मी एकदा त्याच्याबरोबर कारखान्यात गेले होते. लांबट खोली, भिंतीलगत टेबलं, प्रत्येक टेबलावर एक निळी ज्योत. मामाच्या तोंडात रबरी नळी होती, तिचं दुसरं टोक काचेच्या नळीला जोडलेलं. काच ज्योतीवर फिरत राहिली, मऊ पडली, मधाच्या रंगाची झाली. मग त्याने फुंकर घातली, गाल अजिबात न फुगवता. काचेला पोट आलं. ते गोल होत गेलं, पातळ होत गेलं, आणि आता फुटणार असं मला वाटलं नेमका तेव्हाच तो थांबला. मी श्वास रोखून धरला होता हे मला नंतर कळलं.

"तुला कसं कळलं आता बस म्हणून?"

"ती सांगते," मामा काचेकडे बघून म्हणाला. "आपण जरा गप्प बसलं तर."

मामीचं सगळं काम पुढे या थांबण्यावरच उभं राहिलं. शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला तिने हौसेनं फुग्यांची झालर केली, ती लोकांना आवडली, आणि बघता बघता हॉल सजवण्याची कामं येऊ लागली. कारखान्यातून आला की मामा चहा घ्यायचा आणि फुगे फुगवायला बसायचा. तो फुगवून द्यायचा, मामी गाठ मारायची. "आमची गाठ पडली ती अशी," तो आल्यागेल्याला सांगायचा. "आणि आता सुटतही नाही मेली," असं म्हणत मामी पुढच्या फुग्याला हात घालायची.

मामाचे फुगे एकमेकांजवळ ठेवले की डोळ्यांना खोटं वाटावं इतके सारखे असायचे. कमानीत एक फुगा जरी मोठा झाला तरी तो शेजारच्याला ढकलतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याला, आणि सगळी कमान पोक काढून उभी राहते. मामीच्या कमानीला पोक कधी आलं नाही. दुसऱ्या सजावटवाल्या बायका फुगा मापायला गोल भोकाचा पुठ्ठा वापरायच्या. मामीकडे मामा होता.

मग त्याच्या छातीनं दगा दिला. आधी जिना चढताना, मग नुसतं बोलताना. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, फुंकणं बंद. काच नाही, फुगा नाही. "आणि केकवरची मेणबत्ती?" मामानं विचारलं. "ती दुसऱ्याला विझवू द्या," डॉक्टर म्हणाले. मामा हसला.

नव्या वाचनालयाच्या सजावटीचं काम मामीला आलं ते याच सुमारास. दगडी जिन्याच्या पायथ्यापासून वरच्या दारापर्यंत चढत जाणारी पांढऱ्या-निळ्या फुग्यांची कमान हवी होती. एवढं मोठं काम तिने कधी केलं नव्हतं. "पंप घ्यायला हवा," ती एकदा भाजी निवडताना हळूच म्हणाली. मामा खिडकीशी बसला होता.

"घे की. घरातला जुना भाता फाटलाच आहे."

"काहीतरी बोलू नका."

मी तेव्हा त्यांच्याकडे राहायला होते, म्हणून दुकानात मीही गेले. पार्टीच्या सामानाचं दुकान, सगळीकडे चकचकीत कागद. दुकानदारानं पंप मांडले. एक हाताचा होता, दांडा ओढतानाही हवा सोडणारा आणि दाबतानाही. एक पायानं दाबायचा, घड्या घड्यांचा. "हा आपल्यातलाच दिसतो," मामा म्हणाला. मग दुकानदारानं विजेवर चालणारं दोन तोंडांचं यंत्र पुढे सरकवलं. फुगा तोंडावर चढवून दाबला की हवा सुरू, आणि वर एक छोटी चकती.

"इथे वेळ लावून द्यायची. तेवढी हवा भरली की आपोआप बंद. प्रत्येक फुगा सारखा. माणसानं बघायचंसुद्धा काम नाही."

मामीचा हात यंत्रावर होता, तो तिने मागे घेतला. "आवाज फार करतं हे."

यंत्र अजून लावलंच नव्हतं.

"हा बरा आहे," हाताचा पंप उचलत ती म्हणाली. "साधा, सुटसुटीत."

मामा तिच्याकडे बघत राहिला. "अगं, कमान जिना चढणार आहे. एवढे फुगे ह्यानं भरलेस तर उद्घाटनाला हात गळ्यात बांधून जाशील."

"जाईन."

मामीनं पंप काखोटीला मारला होता आणि ती दाराकडे बघत होती. तेव्हा मला कळलं की ती पंप निवडत नव्हती. मामाची रोजची जागा, फुगे फुगवायला तो बसायचा ती सतरंजीची कड, ती राखत होती, आणि त्यासाठी खांदा निखळला तरी चालणार होता तिला.

मामा दुकानदाराकडे वळला. "ही चकती बंद ठेवता येते?"

"येते ना. पण मग कुठे थांबायचं ते तुम्हाला बघावं लागेल, काका."

"द्या मग."

घरी आल्याबरोबर मामानं यंत्र जमिनीवर ठेवलं आणि पहिला फुगा चढवला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तो फुटला. दुसराही फुटला. तिसरा वाचला, पण दुधी भोपळ्यासारखा झाला. संध्याकाळपर्यंत पडद्यावर, पंख्यावर, मामीच्या केसात रबराच्या चिंध्या होत्या.

"हे श्वास घेतच नाही," मामा म्हणाला. "नुसता सोडतं. आपण मध्ये दम घेतो ना, तेवढ्यात फुगा काय म्हणतो ते कळतं. ह्याच्यात कधी ऐकायचं?"

फडकं शोधायला तो उठला आणि कपाटामागून त्याच्या हाताला एक जाड पुठ्ठा लागला. मधोमध गोल भोक, कात्रीनं नीट कापलेलं.

"हे काय?"

मामी चिंध्या वेचत होती. "असंच. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा केलं."

मामानं आपला एक फुगा त्या भोकातून घालून बघितला. तो अडकला. दुसरा सरळ पलीकडे पडला. त्यानं पुठ्ठा तिच्या हातात दिला. "जवळ ठेव. लागेल." आणि मग यंत्राकडे बोट करून, "वेळ लाव त्याची. मी बघतो टीव्ही."

मामी फुगली. खरी फुगली, तोंड फिरवून. एरवी मामा म्हणायचा, ही फुगली की मला सुई शोधावी लागते. त्या दिवशी तो टीव्ही लावून बसला. शेवटी तीच म्हणाली, "उद्या खुर्ची आणू की स्टूल? सतरंजीवर तुम्हाला वाकून बसावं लागतंय."

सकाळी मी उठले तेव्हा तो स्टुलावर बसला होता, डोळे मिटून. यंत्र सुरू होत होतं, थांबत होतं. त्याची बोटं फुग्याच्या मानेभोवती होती, नाडी बघावी तशी. मी दारातच थांबले. मोटरीचा आवाज मला एकसुरी वाटत होता. बराच वेळ ऐकल्यावर कळलं की फुगा भरत आला की त्यात अगदी किंचित चढ येतो, एखाद्यानं वाक्य संपवताना आवाज उचलावा तसा. मामा त्या चढाच्या अलीकडेच हात उचलत होता. ओठ मिटलेले होते. यंत्राचा श्वास त्याच्या बोटांत आला होता.

मामी त्याच्या समोर सतरंजीवर बसून गाठी मारत होती. खोली हळूहळू भरत होती. पांढरे फुगे कपाटाशी गेले, निळे खिडकीशी, मग त्यांनी भिंत झाकली, आणि उन्हाची तिरीप त्यांच्यातून आली तेव्हा अख्ख्या खोलीला काचेचं तेज आलं. मला ती कारखान्यातली निळी ज्योत आठवली. माझ्या पायाशी एक फुगा घरंगळत आला. उचलायची माझी हिंमत झाली नाही.

उद्घाटनाच्या दिवशी कमान जिन्याच्या कडेनं वर गेली. गेलीच म्हणायला हवं. ती बांधली गेल्यासारखी दिसत नव्हती. पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की नजर कुठेही न अडखळता वरच्या दाराशी पोचायची. येणारी माणसं पहिल्या पायरीवर थांबत होती, आवाज खाली आणत होती. एका छोट्या मुलीनं आईला विचारलं, "हे कोणी केलं?" आईही वरच बघत होती.

मामी तळहात फिरवत कमानीच्या कडेनं वर गेली, तशीच खाली आली. मामा खालच्या पायरीवर टेकला होता, कपाळावर घाम. तिनं पिशवीत हात घातला आणि तो पुठ्ठा बाहेर काढला. आता ती फुगे मापणार असं वाटून मामाचा चेहरा उतरला.

ती त्याच्या शेजारी बसली आणि पुठ्ठ्यानं त्याला वारा घालू लागली.

"भोक आहे गं त्याला," मामा म्हणाला.

"असू दे. बाकीचा वारा तर लागतोय ना?"