मऊ बार

नाशिकच्या एका मेडिकलमध्ये विंचूरकडची एक बाई प्रोटीन बार निवडत होती. कांद्याची मान दाबून बघावी तसा एकेक बार दाबायची.

"मावशी, कांदे हायेत का ते?" दुकानदार म्हणाला.

"लेकीचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय. दोनच घास जातात तिला. ते तरी मऊ, तिच्या आवडीचे नको का?"

मीही मुलीसाठीच आलो होतो. तिचंही तेच ऑपरेशन. स्थळं येईनात म्हणून मीच मागे लागून करवलेलं. आजवर पाकिटावरचे साखरेचे आकडे वाचून मी बार नेत आलो.

तिथूनच फोन लावला. "कुठली चव आवडते गं तुला?"

मुलगी म्हणाली, "ह्यातलं मला काहीच नको होतं, बाबा."