तिसरं पान

ॲब्सेंट या शब्दाचा मला अजून राग येतो. माझे वडील, अप्पा, धारवाडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. हा शब्द मूळचा लॅटिन, दूर आणि असणं अशा दोन तुकड्यांचा, हे ते मोठ्या कौतुकानं सांगायचे. "नसणं नव्हे गं, दूर असणं. माणूस आहे, फक्त इथं नाही."

बेचाळीस साली माझा थोरला भाऊ, अण्णा, तारा तोडणाऱ्या पोरांत सामील झाला आणि भूमिगत झाला. घरातलं माणूस परगावी गेलं तरी त्याचं पान मांडायचं, ही आमच्या आईची रीत. अप्पांचं, माझं आणि अण्णाचं अशी तीन पानं ती वाढायची. शेवटी अण्णाच्या पानावर स्वतः जेवायची.

एका दुपारी फौजदार शिपाई घेऊन थेट स्वयंपाकघरात घुसला. बुटांसकट, मेला! वाफाळता भात बघून म्हणाला, "हे पान कुणाचं?"

आईला खोटं बोलता येत नव्हतं. "थोरल्याचं," ती म्हणाली.

झालं. पोरगा घरातच आहे असं धरून त्यांनी माळा उपसला, लोणच्याची बरणी फोडली, आमटीचं पातेलं लाथेनं उडवलं. कुणीच सापडेना तसा फौजदार पिसाळला. "सुळ्ळ हेळबेड, खोटं बोलू नकोस, मास्तर! खरं सांग, कुठं लपवलास?"

"तो ॲब्सेंट आहे," अप्पा म्हणाले.

त्याला ती थट्टा वाटली. त्यानं अप्पांचा उजवा हात पाटावर दाबून धरायला लावला आणि लाठीच्या बुंध्यानं बोटं ठेचली. हाडं मोडल्याचं मी ऐकलं. मी शिपायाच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, तर त्यानं मला भिंतीवर आपटलं. अप्पांचं रक्त अण्णाच्या भातावर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी आईनं दोनच पानं घेतली.

"तिसरं कुठाय?" अप्पा ओरडले.

"त्या पानापायी तुमचा हात गेला."

"हात गेला. मुलगा आहे ना? मांड!"

आईनं डोळे पुसून मांडलं.

काही आठवड्यांनी निरोप आला. अमरगोळजवळ रुळांपाशी अण्णाला गोळी लागली होती. आम्हाला त्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. सुतक फिटलं त्या दिवशी आईनं सवयीनं पुन्हा तीन पानं मांडली. अप्पांनी वाकड्या बोटांनी तिसरं पान ओढलं. ते बोटांतून निसटलं, तसं पुन्हा ओढून त्यांनी आईच्या पुढ्यात ठेवलं.

"तो आता दूरसुद्धा नाही गं," ते म्हणाले. "बस. हे पान तुझं."