शेवटच्या खंडामागे जामसांवलीपर्यंत

नागपूरहून गाडी सुटली तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "पांढुर्ण्याले कोणाचं लग्न हाय का?" मी म्हटलं, "नाही, पुस्तक वाचायला चाललेय." त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आपला डबा उघडला.

त्यांचं तरी काय चुकलं? एका मंगाचा (जपानी चित्रकथेचा) शेवटचा खंड वाचायला पुण्याहून पांढुर्ण्याला निघालेली बाई कुणालाही जरा सटकलेलीच वाटणार. मालिका जपानी बुद्धिबळ खेळणाऱ्यांची. मी आणि माझी मावसबहीण सुषमा कॉलेजात होतो तेव्हा पहिला खंड इंग्रजीतून वाचला. त्यातली मुलगी शाळेत होती, तिचा गुरू ऐन भरात होता. आता मुलगी मोठी झाली, गुरू म्हातारा झाला, आमच्या केसांना कलप लागला आणि गोष्ट त्या दोघांच्या अखेरच्या सामन्यावर येऊन ठेपली. मी मुलीच्या बाजूची, सुषमा गुरूच्या. यावरून आम्ही जितकं भांडलो तितकं नवऱ्यांशीही भांडलो नसू. सुषमाचं सासर पांढुर्ण्याचं, म्हणून नवा खंड तिनं मागवायचा, मी तिकडे जायचं आणि शेजारी बसून वाचायचा, एकटीनं उघडायचा नाही, वाचून झाला की मी पुण्याला न्यायचा, असा आमचा करार. हा खंड शेवटचा होता. यानंतर पांढुर्ण्याला जायला निमित्त काय उरणार, हा विचार मी वर्ध्यापासून टाळत होते.

सुषमा फलाटावर उभी होती. चेहरा पाहूनच काहीतरी बिघडल्याचं कळलं.

"वसू, आधी चहा घे," ती म्हणाली.

"खंड कुठाय?"

"सौसरले."

झालं होतं ते असं. तिच्या सासऱ्यांचे, म्हणजे आबाजींचे, सौसरचे व्याही वामनराव संत्र्याचा बगीचा पाहायला आले होते. जाताना त्यांनी टेबलावरचं पुस्तक चाळलं, चित्रं आवडली, आणि ते घेऊन गेले. आबाजी अंगणात संत्री निवडत बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी एक सोलून माझ्या हातावर ठेवलं.

"पोरीच्या सासऱ्यानं हातात घेतलं," ते शांतपणे म्हणाले, "तं मी वापस मांगू का?"

संत्रं गोड होतं. तेवढ्यानं माझा राग कमी होईल असं त्यांना वाटलं असेल तर ते चुकले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही सौसरची बस धरली. बस प्रत्येक फाट्यावर थांबे आणि प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हरचा कुणीतरी ओळखीचा निघे. सौसरला वामनरावांच्या घरी पोचलो तर वामनराव नव्हते. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, पाट मांडले. "ते जामसांवलीले गेले, रोडग्याचा कार्यक्रम हाय. पुस्तक बी घेऊन गेले. मी बी पाह्यलं थोडंसं. तो बुढा बिचारा..."

"काकू, नका सांगू!" आम्ही दोघींनी एकदम कान झाकले. काकूंना वाटलं आम्हाला बस लागली. त्यांनी लिंबाचं सरबत आणलं आणि ते संपेपर्यंत आम्हाला हलू दिलं नाही.

जामसांवलीच्या मारुतीला शनिवारची गर्दी. मी थेट झाडांखालच्या धुराकडे निघाले, तर सुषमानं हात धरला. "देवाच्या दारातून तसंच जाते का कोणी?" मग रांग. आडवे पहुडलेले मारुतीराय आमच्याहून किती निवांत होते. एकाच देवापुढे हात जोडून मी मुलीसाठी मागणं मागितलं आणि सुषमानं गुरूसाठी. देवाची पंचाईत झाली असणार.

वामनराव झाडाखाली सापडले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे (कणकेचे जाड गोळे) भाजत होते आणि आमच्या पुस्तकानं निखाऱ्यांना वारा घालत होते.

"काका, पुस्तक!"

"काही होत नाही वो. कव्हर कशाले घातलं मंग?"

खरंच, त्यांनी खंडाला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं होतं, वर लेबलही चिकटवलं होतं. मी ते हिसकावलंच म्हणा ना. सुषमा सतरंजीवर शेजारी येऊन बसली. मी लेबल पाहिलं, कव्हर उलटलं आणि पान उघडलं.

जपानी पुस्तक, इंग्रजीत आलेलं असलं तरी, उजवीकडून डावीकडे वाचतात. आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं. हे आम्हाला किती वर्षांपासून ठाऊक आहे. पण वामनरावांनी लेबल आपल्या रीतीनं आपल्या पहिल्या बाजूला लावलं होतं आणि हात गेला तो लेबलाच्या मागे. समोर मालिकेचं शेवटचं चित्र होतं. पटापुढे मान खाली घातलेला म्हातारा गुरू, हार मान्य करताना.

मी जिंकले होते. एवढा वैताग मला जिंकून कधी आला नव्हता. सुषमाचे डोळे भरले होते, आणि धुरामुळे नाही.

"तुमी रडून काहून राह्यल्या?" वामनराव म्हणाले. "ही तं सुरुवात हाय. मले इंग्रजी येत नाही, मी चित्रं पाहून घेतले. पह्यले बुढा मान खाली घालून बसते. मंग एकेक सोंगटी मांगं जाते. इकडच्या तिकडं धरून नेल्या होत्या ना, त्या बी आपापल्या घरी वापस जाते. शेवटी सारा पट भरून जाते अन् दोघं एकमेकाले नमस्कार करते. चांगला शेवट हाय."

या खेळात पकडलेली सोंगटी मरत नाही, पकडणाऱ्याच्या बाजूनं पुन्हा लढते. त्यांनी ते नियम न शिकता, उलट्या बाजूनं पाहिलं होतं. मला त्यांना समजावायचं होतं की असं वाचत नाहीत. सुषमानं माझ्या हातातून खंड घेतला.

"आपण त्यायच्यासारखंच वाचू," ती म्हणाली.

मी कुरकुरले, पण वाचलं. पान उलटण्याआधी ती विचारायची, मी मान हलवायची. शेवटच्या पानावर दोघं नमस्कार करत होती आणि अजून कुणीच हरलं नव्हतं. मग वांग्याची भाजी आली, तुपात चुरलेला रोडगा आला, आणि वामनरावांनी विचारलं, "याच्यापुढचा कोणता?"

"काका, हा शेवटचा."

"तसं नाही. हे दोघं इथं येऊन बसले कसे, ते पाह्यजे ना."

"ते सारे हिच्याकडे पुण्याले हायेत," सुषमा माझ्याकडे न बघता म्हणाली. "हीच आणून देईल."

"एकदम नोका आणू," वामनराव मला म्हणाले. "एकेक आणा. मी धीरे वाचतो."

परतीच्या प्रवासात संत्र्यांची पिशवी मांडीवर होती आणि मी मनातल्या मनात साऱ्यांना बोल लावत होते. आबाजींना, काकूंना, त्या लेबलाला. एवढ्या वर्षांच्या गोष्टीचा असा विचका. पुण्याला पोचले, कपाट उघडलं, शेवटून दुसरा खंड काढला. घरात खाकी कागद नव्हता, तो खाली जाऊन आणला. कव्हर घातलं, आणि लेबल वामनरावांच्या बाजूला लावलं.