डॉ. बंडगरांची मेख

दात सरळ करणारे डॉक्टर पुष्कळ. जबड्यात मेख मारायला शिकवणारे आमच्या माहितीत एकच, सांगलीचे डॉ. जोतीराम बंडगर. घर वडूजकडच्या मेंढपाळांचं. कॉलेजात शिकवताना वैतागले की सर सरळ गावाच्या बोलीत शिरतात, आणि वैतागतात फार लवकर.

"दात ओढायला शेजारचा दात धरला, तर त्योबी सरकतोय! म्हणून हाडात बारका स्क्रू बसवायचा. मेंढरं कोंडायच्या जाळ्याला मेख मारतात तसा. मुक्काम हलला की मेख उपटायची, काम झालं की स्क्रू."

शिवाय ज्यानं स्क्रू बसवला त्यानंच तो शेवटपर्यंत सांभाळायचा, हा त्यांचा दंडक.

त्यांची विद्यार्थिनी अपेक्षा हिनं पहिला स्क्रू बसवला तो माधवनगरच्या बनुबाईंना. त्यांची खालची दाढ कधीच काढलेली, त्यामुळे वरची मोकाट खाली उतरलेली. ती वर ओढल्याशिवाय खाली नवी दाढ बसायला जागा नव्हती. पण स्क्रूला दाढ ओढणारं रबर जोडायच्या आधीच बनुबाई दारात हजर.

"पोरी, तुझा खिळा न्हाई गं तोंडात. गिळला जनू."

पोटात गेला तर एक वेळ ठीक, पण श्वासनळीत गेला असला तर? छातीचा एक्स-रे होईपर्यंत अपेक्षा भिंतीला टेकून उभी होती. "सर, मला हे जमणार नाही. मी कोर्स सोडते," एवढंच म्हणत होती.

एक्स-रे स्वच्छ आला. पोटाचाही. पण मग स्क्रू गेला कुठे?

सरांनी बनुबाईंचं तोंड बघितलं, मग उजव्या हाताची तर्जनी. बोटाचं टोक काळं कुळकुळीत.

"मावशी, डबी काढा बघू."

"कसली डबी?"

"मिश्रीची. माजी आईबी लावायची, आनि ईचारलं की न्हाईच म्हणायची."

बनुबाईंनी चोरट्यासारखं कमरेच्या पिशवीतून डबी काढली. सरांनी ती कागदावर उपडी केली, तर भाजलेल्या तंबाखूच्या काळ्या भुकटीत स्क्रू चमकला. घासता घासता सैल झाला होता, आणि बोटाला चिकटून दुसऱ्या चिमटीच्या वेळी डबीत उतरला होता. अपेक्षा हसायला लागली आणि हसता हसता रडली. जिवात जीव आला की असंच होतं.

"सर, मी विचारलं होतं. मिश्री लावता का, म्हणून."

"तितंच चुकतंय. परक्यासमोर व्हय कोन म्हणंल? 'दिवसातनं किती येळा लावता' असं ईचारायचं." त्या दिवसापासून सर वर्गात हाच धडा पहिला देतात, स्क्रूचा नंतर.

हिरडी भरून आल्यावर अपेक्षानंच नवा स्क्रू बसवला. बनुबाईंनी डबी तिच्या हातात ठेवली. "तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. पर टाकू नगंस हां."

स्क्रू टिकला. दाढ वर गेली, खाली नवी बसली, मेख उपटायचा दिवस आला. स्क्रू काढून झाल्यावर अपेक्षानं ड्रॉवरमधून डबी काढून पुढे केली. मनातून ती धास्तावलीच होती. बनुबाईंनी झाकण उघडलं, डोळे मिटून एक दीर्घ वास घेतला आणि झाकण घट्ट लावलं.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," त्या म्हणाल्या, आणि पदराची गाठ सोडून त्यातले फुटाणे नव्या दाढेच्या बाजूनं कडाकडा चावायला लागल्या.