दत्तोपंतांच्या कादंबरीला किती फुल्या

वाचनालयात पुस्तकं साठत नाहीत, किस्से साठतात. नेलेलं पुस्तक लोक परत करायला विसरतात. किस्सा मात्र न मागता आणून देतात. लोणावळ्याच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या माडीवर आमचं वाचनालय होतं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी काही वर्षं मी त्याचा चिटणीस होतो, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर. त्यातले निम्मे किस्से एकट्या दत्तोपंतांचे.

दत्तोपंत स्टेशनवर बुकिंग क्लार्क. तिकिटं देता देता त्यांनी एक कादंबरी लिहिली, पुण्यात छापून घेतली आणि पहिली प्रत आम्हाला दिली. त्याच सुमारास मी एक टूम काढली होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कोरा कागद चिकटवायचा आणि पुस्तक आवडलं तितक्या फुल्या वाचकानं त्यावर काढायच्या. जास्तीत जास्त पाच.

झालं! दत्तोपंत रोज ड्यूटी संपली की माडी चढायचे. "पेपर चाळायला आलो," म्हणायचे, आणि हात थेट स्वतःच्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर.

* * *

पहिल्याच आठवड्यात पाच फुल्या पडल्या. खाली सही मराठी शाळेच्या हेडमास्तरांची. दत्तोपंतांनी तिथल्या तिथे सगळ्यांना भजी मागवली. तेवढ्यात हेडमास्तरच आले. त्यांच्या हातात बशी देत दत्तोपंत म्हणाले, "मास्तर, एवढं काय आवडलं, सांगा तरी."

"आवडलं?" हेडमास्तर म्हणाले. "ऱ्हस्व-दीर्घाच्या पाच चुका सापडल्या. आमच्याकडे चुकीलाच फुली मारतात."

भजी मात्र त्यांनी शेवटपर्यंत खाल्ली.

* * *

गफूरभाईंचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्याइतक्या मराठी कादंबऱ्या अख्ख्या बाजारात कुणी वाचत नसे, म्हणून त्यांचं मत दत्तोपंत फार मानायचे. गफूरभाईंनी आठवड्यानं पुस्तक परत केलं, एक फुली काढली आणि तेच पुस्तक पुन्हा घरी नेलं.

एकच फुली! दत्तोपंतांचं जेवणावरचं लक्ष उडालं. खंडाळ्याचं तिकीट मागणाऱ्याला त्यांनी कर्जतचं दिलं म्हणतात. शेवटी दुकानात जाऊन त्यांनी विचारलंच, "गफूरभाई, इतकी वाईट आहे का हो?"

"तोबा, तोबा. फर्स्टक्लास आहे. पण आमच्याही पाच फुल्या दिसल्या की लोक पुस्तक पळवतात. आमची मुलगी रोज दुपारी तिच्या आईला वाचून दाखवते, अजून निम्मं राहिलंय. ते पुरं होऊ द्या, बाकीच्या चार काढून देतो."

* * *

मग पुण्याच्या एका मासिकात परीक्षण आलं. कादंबरीतला नायक पावसाळ्यात घाटाच्या तोंडाशी उभा राहतो, तिथं दत्तोपंतांनी लिहिलं होतं, 'धुक्यात काहीच दिसत नव्हते.' परीक्षकानं नेमकं तेच धरलं. 'लेखकाने वर्णन टाळले आहे. त्याने घाट पाहिलेला दिसत नाही.'

ज्या माणसाची पंधरा वर्षं घाटमाथ्यावर गेली, त्याला हे वाक्य! दत्तोपंतांनी अर्धी झालेली दुसरी कादंबरी फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. "आपली तिकिटंच बरी," म्हणाले.

श्रावणात तेच परीक्षक हवापालटाला लोणावळ्यात आले. ट्रंकेवरचं नाव दत्तोपंतांनी वाचलं. आपण कोण ते न सांगता संध्याकाळी त्यांनी पाहुण्यांना घाट दाखवायला नेलं. मीही बरोबर होतो. कड्याशी पोचलो तर पुढं नुसतं पांढरं.

"अहो, इथं तर काहीच दिसत नाही," परीक्षक म्हणाले.

"मीही तेवढंच लिहिलं होतं," दत्तोपंत म्हणाले.

पाहुणे पोट धरून हसले. परतताना दोघांची चांगली गट्टी जमली. पण माळ्यावरचं गाठोडं काही खाली आलं नाही.

* * *

त्या हिवाळ्यात वडिवळ्याहून चार बायका आणि एक म्हातारे आबा पायी कामशेतला आले आणि तिथून गाडीनं लोणावळ्याला. गावच्या मास्तरांनी देवळात दुपारची ही कादंबरी वाचून दाखवली होती. तिच्यात सगुणा नावाची पोर सासरी एकटी, तापानं मरते. तिकिटाच्या खिडकीशी येऊन सगळ्यांत वयस्कर मावशींनी विचारलं, "सगुणेचं बाप तुमीच का?"

दत्तोपंत गोंधळले. "म्हणजे, लिहिली मी."

"मंग चला. पोरीला मागं कुनी न्हाई, म्हनून आमी तिचं दहावं घातलंय. सकाळधरनं घास ठिवलाय, पर कावळा शिवंना. तिची काय इच्छा ऱ्हायलीया, ती तुमालाच ठावं."

"अहो मावशी, ती गोष्टीतली आहे."

"व्हय, ठावं हाय," मावशी म्हणाल्या. "म्हनून काय उपाशी ठिवायची?"

दत्तोपंतांनी खिडकी दुसऱ्या बाबूंकडे सोपवली. मी स्टेशनवरच होतो, मीही निघालो. वडिवळ्याच्या नदीकाठी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पळसाच्या पानावर दहीभात होता, समोरच्या बाभळीवर पाच-सहा कावळे, आणि भोवती सारं गाव उभं. दत्तोपंतांनी कोट काढून माझ्याकडे दिला, पानासमोर बसले आणि हात जोडून हळूच म्हणाले, "सगुणाबाई, चुकलं माझं. दुसरी कादंबरी अर्धी लिहून झालीय. तिच्यातल्या पोरीला मारणार नाही."

कावळा शिवला.