चंपतमामांनी चारदा धुतलेला हात

काटोलच्या बाजारात चंपतमामा संत्र्यांच्या ढिगापाशी बसले की त्यांचं तोंड गप्पांत असायचं आणि अंगठा कामावर. साल सुटलेलं पोचट फळ अंगठ्याला आपोआप कळायचं. पोचट डावीकडे, भरीव उजवीकडे. एकवीस वर्षं व्यापाऱ्याच्या गाड्या या अंगठ्याच्या भरवशावर भरल्या गेल्या. यंदा दिवाळीनंतर मात्र उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली, आणि पोचट फळं खुशाल उजवीकडे जाऊ लागली. व्यापाऱ्यानं मामांना आराम सांगितला आणि त्यांच्या जागेवर महादेवरावांना बसवलं.

महादेवराव म्हणजे मामांचे साडू, शामलामामीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोघांचं कसं आहे ते एवढ्यावरून कळेल: महादेवरावांना चष्मा लागला तेव्हा मामांनाही आठ दिवस धूसर दिसत होतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी मामांना नसांची आणि स्नायूंची तपासणी सांगितली. दुर्दैव असं, की तीच तपासणी महादेवरावांची दोन वर्षांपूर्वी झालेली. त्यांनीच दवाखान्यात नंबर लावला, सूचनांचा कागद आणून दिला, वर तोंडी शिकवणीही घेतली.

"चंपतराव, आंघोळ करून जा. हाताले तेल नका लावू, क्रीम नका लावू. अंगठी घरी ठेवा. पोटभर खाऊन जा. झटके बारीक असतात, भेवाचं काम नाही. मी तर पहिल्याच फटक्यात पास."

तो 'पास' मामांना झोंबला.

तपासणीच्या आदल्या दिवशी मामा नागपुरात माझ्या प्रताप नगरच्या खोलीवर आले. "तेल नका लावू म्हणते! काहून सांगून राहिला तो मले असं? माहा हात अकडला पाहिजे, मी नापास झालो पाहिजे. मंग जागा त्याची पक्की."

"मामा, कागदावरही तेच छापलंय."

"कागद कोणं आणला?"

हा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. मी फक्त बी.कॉम. आहे.

सकाळी मामा न्हाणीतून निघाले आणि खोलीभर लसूण-ओवा कढवलेल्या तिळाच्या तेलाचा वास सुटला.

"मामा, हे काय?"

"साबण."

"लसणाचा?"

"नवीन निघाला."

डिसेंबरची थंडी, माझी मोटरसायकल, आणि मामांनी हातमोजे घालायला साफ नकार दिला. मोज्यांना तेल पुसून जाईल ना!

तपासणीच्या खोलीत मिनल नावाची मुलगी होती. तिनं मामांच्या हाताला वायरीची चकती चिकटवली. चकती घसरली. दुसरी लावली, तीही घसरली.

"काका, तेल लावलं काय?"

"नाई."

तिनं कापूस फिरवला. कापूस पिवळा झाला. तिनं बेसिनकडे बोट दाखवलं. मामा हात धुऊन आले. "अजून." परत गेले. असं चारदा झालं. मग तिनं हात धरून पाहिला, तर बर्फ. "थंड हातात नस हळू चालते काका. चांगली असली तरी रिपोर्टात खराब दिसेल." आणि गरम पाण्याची पिशवी दिली.

पिशवी धरून मामा माझ्या कानाशी आले. "म्हणजे महादेव खरं बोलून राहिला होता गा?"

साडू खोटा निघाला नाही याचं त्यांना जेवढं दुःख झालं, तेवढं मुंग्यांचंही झालं नव्हतं.

डॉक्टर आले. डोळे मिटायला लावून बोटाला कापूस लावला. "कळतंय?"

"हाव."

"आता?"

"हाव, एकदम मस्त!"

"काका, कापूस मी केव्हाचा खाली ठेवलाय."

मग झटके सुरू झाले आणि मामांना न विचारता अंगठा आपला आपण उडू लागला. "याच्यात कॉपी नाही चालत," मामा पुटपुटले. शेवटी अंगठ्याच्या स्नायूत बारीक सुई गेली.

मनगटात नस दबली होती. स्नायू अजून जिवंत होता. लहानसं ऑपरेशन केलं तर अंगठा वाचेल, उशीर केला तर वाळत जाईल. आणि दीड महिना ढिगावर बसायचं नाही.

"दीड महिन्यात तो पक्का होऊन जाईन तिथं," मामा जिन्यात म्हणाले.

"आणि ऑपरेशन नाही केलं तर अंगठाच पक्का जाईल."

मामा उरलेला जिना उतरले. खाली आल्यावर म्हणाले, "घे तारीख."

संध्याकाळी मी त्यांना सोडायला काटोलला गेलो. बसस्टँडवर महादेवराव हजर. "कशी झाली?"

"काय गा महादेवराव, तुमचा हात कितीदा धुवाले लावला होता?"

"एकदाही नाही."

"माहा चारदा. वरून शेकलाही. तुमची तपासणी वरवरच झाली म्हणायची."

आता ऑपरेशन झालंय. बँडेजचा हात गळ्यात अडकवून मामा रोज बाजारात जातात आणि महादेवरावांच्या मागे रिकाम्या खोक्यावर बसतात. काल महादेवरावांच्या हातून एक पोचट फळ उजवीकडे गेलं. मामांनी ते डाव्या हातानं उचललं, दाबलं, आणि सगळ्यांना दिसेल असं सावकाश डावीकडे ठेवलं.

रात्री मला मामीचा फोन आला. "उन्मेष, आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या गा यांनी. डॉक्टरनं गोळी बदलवली काय?"