शालीकरामभाऊ मचाणावर काऊन चढला

कोहमाऱ्याच्या ढाब्यावर सध्या अशी बातमी आहे, की आमचा शेजारी शालीकरामभाऊ ओडिशात मगर पाहून भेला, धोतर तिथंच टाकून मचाणावर चढला आणि संध्याकाळपर्यंत खाली उतरलाच नाही. धोतराचं साफ खोटं. ते घट्ट नेसलेलं होतं, मी साक्षीला होतो. मगरीचंही खोटं. मचाण आणि संध्याकाळ तेवढी खरी.

झालं असं. धान चुरून, म्हणजे मळून, झालं, नात गुंजनच्या शाळेला सुट्टी लागली, आणि भाऊच्या मुलानं, खेमराजनं, नवी गाडी काढली. भाऊ, शामकलावहिनी, खेमराज, त्याची बायको रीता आणि गुंजन. एक जागा रिकामी राहत होती. रिकामी जागा मला बघवत नाही, म्हणून मी बसलो.

रायपूर, संबलपूर करत, डोंगरात चांगली पायवाट दिसली की गाडी थांबवत आम्ही चाललो. भाऊ सगळ्यांच्या पुढं. नागझिऱ्याकडचा बिबट बांधीतून, धानाच्या खाचरातून, जातो तेव्हाही हा माणूस शेतात एकटा झोपतो, त्याला कसली भीती! मी आपला मागून म्हणायचो, "भाऊ, हळू चाला, अस्वलं भेतील तुमाले."

शेवटी पोचलो भितरकनिकाला. समुद्राकाठचं राष्ट्रीय उद्यान, चिखलात उभं असलेलं खारफुटीचं जंगल. सकाळीच होडीवाल्यानं आम्हाला आतल्या एका धक्क्यावर उतरवलं आणि तो न्याहारीला गेला. समुद्र तिथून दिसतच नव्हता. दिसत होता एक रुंद नाला, मातकट, काठोकाठ भरलेला. खेमराज, रीता आणि गुंजन पायवाटेनं जंगलात गेले. आम्ही तिघं धक्क्यावर बसलो.

भाऊनं बसल्या बसल्या पाण्याच्या कडेला एक काडी रोवली.

ही त्याची जुनी खोड. गावचा तलाव त्याच्या पूर्वजांनी बांधलेला. पावसाळ्यात तलाव भरला की भाऊ पाळीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर, जाऊन बसतो, काडी रोवतो आणि पाणी कुठं आहे ते बघत राहतो. तरुण असताना एका सकाळी त्यानं पाहिलं, वरून पाऊस कोसळतोय आणि पाणी काडीपासून हातभर खाली गेलंय. पलीकडच्या टोकाला पाळ फुटली होती. खालच्या बांध्या वाहून गेल्या. त्याची धाकटी बहीण खालच्या वाटेनं चालली होती. ती बाभळीवर चढली म्हणून वाचली. काट्यांचे वण अजून तिच्या दंडावर दिसतात.

तर वहिनी चिवडा काढत होती, मी हात पुढं केला होता, आणि भाऊ उभा राहिला.

"पाणी उतरून राहिलं."

"उतरू द्या ना जी," वहिनी म्हणाली. "तुमच्या बापाचा तलाव आहे का?"

भाऊनं बोट दाखवलं. काडी कोरडी पडली होती. तिच्या खाली चिखलाचा काळा, ओला पट्टा. आमच्या डोळ्यांदेखत तो रुंद होत होता. वारा नाही, आवाज नाही, एवढं पाणी गुपचूप चाललं होतं. आणि चाललं होतं त्याच बाजूला, जिकडं पायवाट गेली होती. भरती-ओहोटी मी शाळेत शिकलो होतो, पण ती समुद्राची. हा तर नाला! मी चिवडा सोडून उठलो.

"कोठंतरी फुटलं!" भाऊ ओरडला. "गुंजन खाली आहे!"

आणि तो धावला, मागोमाग आम्ही. वहाणा धक्क्यावरच राहिल्या. दोन्ही बाजूंना चिखलातून वर आलेली मुळं, खुंट्यांसारखी टोकदार. एका जागी चिखलावर ताजी घसरण दिसली, कुणी धानाचं पोतं ओढत नेल्यासारखी. ती कशाची, ते कुणी विचारलं नाही. वाटेच्या फाट्यावर, जिथं लाकडी मचाण आहे, खेमराज आणि रीता फोटो काढत उभे होते. दोघंच.

"पोट्टी कोठं आहे?"

"पुढं गेली बाबा, लाल खेकडे पाहाले. काऊन?"

भाऊचा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता तसा झाला. तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की झाडावरचे बगळे उडाले. "गुंजन! ओ गुंजन!"

उत्तर नाही. पुन्हा हाक. पुन्हा नाही. रीताच्या हातातला मोबाईल खाली पडला.

वळणापलीकडं पोरगी कठड्याला धरून उकिडवी बसली होती, खेकडे पळतील म्हणून गप्प. भाऊनं तिला उचललं, छातीशी धरून मचाणापर्यंत आणलं आणि वर केलं. वरून कुणीतरी हात देऊन तिला ओढून घेतलं. मग तो स्वतः चढला, आणि तिथून गरजला, "चढा बे सगळे! पाणी येऊन राहिलं!" कुठले कुठले पाहुणे, भाषा कळली नाही तरी चढले.

वनरक्षक आला तेव्हा मचाण माणसांनी भरलं होतं. त्यानं खालून हात जोडले. "बाबूजी, भाटा है, भाटा. पानी रोज़ उतरता है. शाम को वापस आएगा."

भाटा म्हणजे ओहोटी; तो नाला समुद्राचीच खाडी होता. पाहुणे हसत उतरले. खेमराज लाजून उतरला. भाऊ नाही. "परत येताना पाहीन, मंगच पोट्टीले उतरवीन." गुंजन त्याच्या मांडीवर झोपली. वहिनीनं उरलेला चिवडा वर पाठवला.

संध्याकाळी पाणी आलं. जसं गेलं तसंच, आवाज न करता, मुळं एकेक करून बुडवत. ते पाहताना भाऊनं गुंजनला आणखी जवळ ओढलं. काठ भरल्यावर तो उतरला.

परवा ढाब्यावर चार माणसं जमलेली पाहून मी मुद्दाम विचारलं, "काऊन भाऊ, बिबट्याले भेत नाही अन् नाल्याले भेला?"

भाऊनं चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "भेलो ना. माझी नात खाली होती. तुझं कोण होतं बे खाली? मी पोट्टीले वर केली, तवा हात देणारा तूच होता. तू कायले माझ्या आधी चढला?"